साडेबासष्ट ग्रॅमचा उंबरठा: अमेरिकेतील हौशी रॉकेटकार आणि स्फोटकांचा परवाना, २०००–२००९

२००३ च्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेतील हौशी रॉकेटकाराला आपल्याच राज्यातील विक्रेत्याकडून मोठी मोटर, म्हणजे रॉकेट उडवणारे घन इंधनाचे इंजिन, घेऊन ती त्याच राज्यात उडवायची असेल, तर संघराज्य सरकारच्या स्फोटक-परवान्याची गरज नव्हती. परवान्याचा प्रश्न येई तो माल राज्याच्या सीमेपलीकडून आणताना. २५ नोव्हेंबर २००२ रोजी होमलँड सिक्युरिटी अॅक्टचा भाग म्हणून 'सेफ एक्स्प्लोझिव्ह्ज अॅक्ट' मंजूर झाला. त्यातील परवान्याची कलमे २४ मे २००३ रोजी अमलात आली आणि स्फोटक पदार्थांच्या सरकारी यादीतील कोणतीही वस्तू हाती घेणाऱ्या प्रत्येकाला, व्यवहार एकाच गावातला असला तरी, परवाना सक्तीचा झाला. मोठ्या रॉकेट-मोटरींमध्ये वापरले जाणारे इंधन त्या यादीत होते.

परवान्याची फी तीन वर्षांसाठी १०० डॉलर आणि नूतनीकरणाची ५० डॉलर होती. ज्याला राज्याबाहेरून काही आणायचे नाही आणि वर्षाकाठी सहाच खरेद्या पुरतात, त्याच्यासाठी २५ डॉलरचा मर्यादित परवानाही होता. 'एम' या मोठ्या वर्गाची एक मोटर इंधनाने भरायला याहून जास्त पैसे लागत असल्याने फीकडे पाहून हा प्रश्न अडण्याचे कारण नव्हते. तरीही तो कित्येक वर्षे अडला. क्लबच्या बैठकांत त्यावरून दोन तट पडले, काहींनी छंद आवरता घेतला आणि काहींनी मुकाट्याने बोटांचे ठसे दिले. याचे मुख्य कारण असे की, याच रॉकेटकारांच्या दोन राष्ट्रीय संघटना, १९५७ पासूनची नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि मोठ्या रॉकेटांसाठी ओळखली जाणारी ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन, फेब्रुवारी २००० पासून सरकारविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या आणि हा पदार्थ मुळात स्फोटकच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जी वस्तू स्फोटक नाही असे आपण शपथेवर सांगतो, तिच्यासाठी स्फोटकांचा परवाना मागायचा का, हा या प्रकरणातला खरा पेच आहे.

मोटरीत असते काय

छंदातील मोटरी अक्षरांनी ओळखल्या जातात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण आवेगाची, म्हणजे मोटर जळून संपेपर्यंत देते त्या एकूण धक्क्याची, मर्यादा दुप्पट होते. 'ए' मोटर २.५ न्यूटन-सेकंदांवर थांबते, 'जी' १६० वर, 'एच' ३२० वर, 'जे' १,२८० वर आणि 'एम' १०,२४० वर. 'जी'पर्यंतची रॉकेटे शाळकरी मुलेही मोठ्यांच्या देखरेखीखाली उडवतात. 'एच'पासून 'हाय-पॉवर' सुरू होते आणि तिथे संघटनेचे प्रमाणपत्र लागते: 'एच' आणि 'आय'साठी पहिला स्तर, 'जे' ते 'एल'साठी दुसरा आणि 'एम'पासून 'ओ'पर्यंत तिसरा. हे प्रमाणपत्र सरकारी नसते. जाणत्या सभासदांसमोर स्वतः बांधलेले रॉकेट उडवून, ते पॅराशूटवर धडपणे परत आणून दाखवल्यावर ते मिळते.

या मोटरींतील इंधनाचे पूर्ण नाव अमोनियम परक्लोरेट कंपोझिट प्रोपेलंट असे आहे आणि छंदातले लोक त्याला एपीसीपी म्हणतात. अमोनियम परक्लोरेट हा ऑक्सिजन पुरवणारा क्षार, जळण्यासाठी ॲल्युमिनियमची भुकटी आणि या सगळ्याला एकत्र धरून ठेवणारे, स्वतःही जळणारे कृत्रिम रबर, असे हे मिश्रण असते. स्पेस शटलच्या दोन पांढऱ्या बूस्टरांत प्रत्येकी सुमारे ५०० टन भरले जाई ते याच कुळातले इंधन, आणि तिथे ते जळून संपायला दोन मिनिटे लागत.

पुन्हा भरता येणाऱ्या मोटरीचे किट उघडले की त्यात घट्ट खोडरबरासारख्या, मधोमध आरपार भोक असलेल्या करड्या नळकांड्या निघतात. त्यांना ग्रेन म्हणतात. ग्रेन एका पातळ अस्तरात सरकवायचे, रबरी ओ-रिंगांना ग्रीस लावायचे, मागच्या टोकाला वायू बाहेर सोडणारे नॉझल आणि पुढच्या टोकाला विलंबाने जळणारा तुकडा बसवायचा, आणि हे सगळे ॲल्युमिनियमच्या नळीत घालून दोन्ही टोकांची झाकणे आवळायची. सर्वात पुढे एका छोट्या खळग्यात ग्रॅम-दोन ग्रॅम बंदुकीची दारू असते. रॉकेट शिखरावर पोहोचले की ती पेटते आणि पॅराशूट बाहेर ढकलते. या दारूचा संबंध पुढे येणार आहे.

उघड्यावर पेटवलेला ग्रेन सुतळी बॉम्बसारखा फुटत नाही, भुईनळ्यासारखा जळत राहतो. मोटरीच्या आत दाब वाढतो तसा जळण्याचा वेगही वाढतो, पण तो मोजायचा मिलिमीटर प्रति सेकंदातच. नॉझल तुंबले किंवा ग्रेनला चीर गेली, तर दाब आवाक्याबाहेर जातो आणि नळी फाटते. या अपघाताला मैदानावर 'कॅटो' म्हणतात आणि तो पाहिलेला माणूस ही वस्तू निरुपद्रवी आहे असे म्हणणार नाही. मात्र फुटते ते भांडे. कुकर फुटला म्हणून आपण तांदळाला स्फोटक म्हणत नाही. ही तुलना पूर्ण जुळत नाही, कारण तांदूळ स्वतः पेटून वायू निर्माण करत नाही, पण वादाचा गाभा तिच्यातून कळतो.

नियंत्रकाची भीतीही पोकळ नव्हती. ४ मे १९८८ रोजी नेवाडातील हेंडरसन येथे अमोनियम परक्लोरेट बनवणारा कारखाना स्फोटांनी उद्ध्वस्त झाला आणि त्यात दोघांचा जीव गेला. चॅलेंजरच्या अपघातानंतर शटलची उड्डाणे थांबल्याने तिथे मालाचा मोठा साठा पडून होता. तो सुटा क्षार होता आणि रबरात बांधलेले इंधन वेगळ्या रीतीने वागते, हे रसायनशास्त्रज्ञाला लगेच पटेल. पण परवाने देणाऱ्या खात्याच्या डोक्यात दोन्हींना जोडणारे 'परक्लोरेट' हे एकच नाव राहिले असेल, तर त्याचे नवल वाटू नये. त्यात १९९५ साली ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसे मारणारा बॉम्ब अमोनियम नायट्रेटचा होता. रॉकेटकार मात्र याच उदाहरणाकडे बोट दाखवत, कारण खत म्हणून विकले जाणारे नायट्रेट विकत घ्यायला तेव्हा संघराज्याचा स्फोटक-परवाना लागत नव्हता.

साडेबासष्ट हा आकडा

१९७० च्या स्फोटकविषयक कायद्याने 'ज्याचा मुख्य किंवा सर्वसाधारण हेतू स्फोटाने काम करणे हा आहे' अशा पदार्थाला स्फोटक म्हटले आणि अशा पदार्थांची यादी दरवर्षी प्रसिद्ध करण्याचे काम कार्यकारी खात्यावर सोपवले. मद्य, तंबाखू आणि शस्त्रे पाहणाऱ्या एटीएफ या संस्थेकडे हे काम होते. जानेवारी २००३ मध्ये ती अर्थखात्यातून न्यायखात्यात गेली आणि तिच्या नावात स्फोटकांचीही भर पडली. एपीसीपी या यादीत होते. तरीही रॉकेटवाल्यांना अनेक वर्षे फारसा त्रास झाला नाही, कारण 'प्रोपेलंटच्या बळावर चालणारे उपकरण' या वर्गाला नियमांतून सूट होती आणि मोटर म्हणजे असेच उपकरण, असे ते धरून चालत.

१९९० च्या दशकात ही सूट आक्रसत गेली. लहान मोटरींसाठी आधीपासून रुळलेली ६२.५ ग्रॅम इंधनाची मर्यादा एटीएफने उंबरठा म्हणून धरली: त्याच्या आतली मोटर मोकळी आणि त्यापुढची परवान्याखाली. साध्या हिशेबाने पाहिले तर या इंधनाच्या वायूचा बाहेर पडण्याचा वेग साधारण २,००० मीटर प्रति सेकंद धरल्यास ६२.५ ग्रॅमांतून १२५ न्यूटन-सेकंद मिळतात. म्हणजे 'जी' वर्गाचा बराचसा भाग उंबरठ्याच्या अलीकडे राहतो. 'एच'ची सुरुवात १६० च्या पुढे होत असल्याने त्यासाठी ८० ग्रॅमच्या आसपास इंधन लागते. संघटनेचे पहिल्या स्तराचे प्रमाणपत्र घ्यायला निघालेला माणूस पहिल्याच पायरीवर स्फोटकांच्या कायद्यात शिरत होता.

उंबरठा मोटरीला लावायचा की एकेका ग्रेनला, हा वाद वेगळाच. ५०-५० ग्रॅमचे चार ग्रेन असलेली मोटर २०० ग्रॅमची मानायची, की साडेबासष्टच्या आतल्या चार वस्तूंची? विक्रेते एक सांगत, अधिकारी दुसरे. ऑगस्ट २००६ च्या नियमाने अखेर ते लिहून ठेवले: एकूण इंधन ६२.५ ग्रॅमच्या आत हवे, आणि पुन्हा भरायचे किट असेल तर त्याने तेवढेच इंधन नळीत जाऊ शकले पाहिजे.

शंभर डॉलरांच्या मागे काय होते

परवाना काढण्याचा खर्च फीमध्ये शोधणाऱ्यांची फसगत झाली, असे मला वाटते. अर्जासोबत छायाचित्र आणि बोटांचे ठसे द्यावे लागत, पार्श्वभूमीची तपासणी होई आणि निर्णयासाठी कायद्याने ९० दिवस दिलेले होते. हे सगळे कंटाळवाणे असले तरी पार पडण्यासारखे होते. खरी अडचण साठवणुकीत होती.

समजा, डेन्व्हरच्या उपनगरात राहणारा एक अभियंता आहे. जोडघर, मागे हातभर अंगण, पुढे गाडीची गॅरेज. त्याला 'जे' वर्गाच्या चार मोटरींचे किट घरी ठेवायचे आहेत, म्हणजे दोनेक किलो इंधन. मंद स्फोटकांसाठी नियमांनी सांगितलेली पेटी आगीला, पावसाला आणि चोराला दाद न देणारी हवी. कुलूप निदान पाच टंबलरांचे (आतल्या खटक्यांचे) आणि कडी ३/८ इंच जाडीच्या कडक पोलादाची हवी. पेटी घराबाहेर ठेवायची तर राहत्या घरापासून, आणि अर्थातच शेजाऱ्याच्याही घरापासून, ती ७५ फूट लांब हवी. हे अंतर १,००० पौंडांपर्यंतच्या साठ्याला एकच आहे, त्यामुळे दोन किलोवाल्यालाही तेवढेच लागते आणि एवढे अंगण जोडघराला नसते. पेटी आत ठेवायची तर एका इमारतीत ५० पौंडांपर्यंत चालते, पण ती इमारत राहते घर असता कामा नये. घराला लागून असलेली गॅरेज घरातच मोडते. अशा गॅरेजसाठी एटीएफकडे सवलतीचा अर्ज करता येई आणि ती मिळतही असे, पण सवलत म्हटली की ती देणाऱ्याच्या मर्जीवर आली.

इतके जमले तरी काम संपत नाही. पेटीत पहिल्यांदा माल ठेवला की त्या दिवशीच स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्याला तोंडी आणि ४८ तासांच्या आत लेखी कळवायचे. दर सात दिवसांच्या आत पेटी उघडून तपासायची. आत काय आले, बाहेर काय गेले, याची रोजची नोंद ठेवायची आणि ती पाच वर्षे जपायची. चोरी झाली तर २४ तासांत कळवायचे. साठ्याची तपासणी करायला सरकारी निरीक्षक येणार आणि त्यासाठी दार उघडावे लागणार. खाणकामाच्या ठेकेदाराला यातले काहीच जाचक नाही. पण महिन्यातून एका शनिवारी, वारा पडलेला असेल तर, एखादे रॉकेट उडवणाऱ्या माणसाने आठवड्याला पेटी तपासून नोंदवहीत 'शिल्लक तीन' असे लिहायचे, याला प्रमाणबद्धता म्हणता येणार नाही. कायदा मोडून माल घेणे-देणे केले तर शिक्षेची कमाल मर्यादा दहा वर्षांची होती, त्यामुळे 'कोण बघतंय' म्हणणारे विक्रेते फार टिकण्यासारखे नव्हते.

त्यातून मैदानावर एक व्यवहारी तोड निघाली. परवानाधारक विक्रेता आपल्या साठ्यातून मोटरी उड्डाणाच्या जागी आणी, परवाना असलेला रॉकेटकार त्या तिथेच घेई आणि त्याच दिवशी उडवी. साठवण्याचा प्रश्नच उरत नसे. अर्जातही 'माझ्याकडे पेटी नाही, पण गरज पडल्यास अमक्या परवानाधारकाच्या पेटीत ठेवीन' असे लिहून देता येई. वारा सुटला आणि दिवस फुकट गेला, तर जोडलेली मोटर घरी न नेता त्या मित्राच्या पेटीत न्यायची. क्लबमध्ये शेतजमीन बाळगून असलेला एखादा सभासद असला की त्याला अचानक महत्त्व येई, यात नवल नाही.

कोणापुढे निवडच नव्हती

परवाना काढावा की नाही, हा प्रश्न ज्यांना पडू शकत होता ते एका अर्थी भाग्यवान होते. 'सेफ एक्स्प्लोझिव्ह्ज अॅक्ट'ने स्फोटके बाळगण्यास मनाई असलेल्यांची यादी वाढवली. जुन्या यादीत गुन्हेगार आणि फरारी होतेच, त्यांच्या जोडीला, काही मोजके अपवाद सोडता, कायम वास्तव्याचा परवाना नसलेले परकीय नागरिक आले. ग्रीन कार्डधारक वाचला. पुण्याहून किंवा नागपूरहून एच-१बी व्हिसावर गेलेला, पगारातून कर भरणारा संगणक अभियंता मात्र वाचला नाही. एफ-१ व्हिसावर एरोस्पेसचे शिक्षण घेणारा, विद्यापीठाच्या रॉकेट-चमूत असलेला विद्यार्थीही वाचला नाही. अपवाद होते ते परदेशी पोलीस अधिकारी, मित्रराष्ट्रांचे सैनिक किंवा एखाद्या कंपनीचा कारभार हाती असलेले लोक अशांसाठी.

अशा विद्यार्थ्याने रॉकेटचा सांगाडा बनवावा, पंख चिकटवावेत, उंची मोजणारे यंत्र प्रोग्राम करावे आणि मोटर भरण्याच्या वेळी चार पावले मागे सरकून परवानाधारक मार्गदर्शकाला जागा द्यावी. साडेबासष्टच्या आतल्या मोटरी त्याला खुल्या होत्या. ज्या विषयात तो पदवी घेत होता, त्यातली त्यापुढची प्रत्यक्ष कृती त्याला बंद होती. परवान्याच्या वादात हा मुद्दा फारसा पुढे आला नाही. संघटनांचे बहुसंख्य सभासद अमेरिकन नागरिक होते, हे त्याचे सरळ कारण असावे.

चार वाटा आणि एक चुकीचा युक्तिवाद

बाकीच्यांपुढे चार वाटा होत्या. पहिली 'जी'वर थांबण्याची, आणि ज्यांनी ती निवडली त्यांच्या छंदात काही कमीपणा नाही. लहान रॉकेट जास्त अवघड असते, असे म्हणणारे जुने लोक आजही भेटतात. दुसरी, परवाना असलेल्या मित्राच्या नावावर उडवण्याची. ती मैत्रीपुरती ठीक होती, पण कायद्याच्या नजरेत मोटर कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न तसाच शिल्लक ठेवणारी होती. तिसरी, परवाना काढण्याची. आणि चौथी, काढायचा नाही आणि खटल्याच्या निकालाची वाट पाहायची.

चौथ्या वाटेमागचा युक्तिवाद असा होता: आपण अर्ज केला की हा पदार्थ स्फोटक आहे हे आपणच मान्य केले, उद्या सरकारी वकील न्यायालयात हेच अर्ज दाखवील, आणि जितके जास्त लोक परवाने काढतील तितकी ही व्यवस्था 'चालते' असे दिसेल. यातला शेवटचा भाग राजकीयदृष्ट्या अगदीच निरर्थक नव्हता. पहिला भाग मात्र चुकीचा होता. आपल्याकडे कर किंवा मुद्रांक शुल्क मान्य नसले तरी 'अंडर प्रोटेस्ट' भरून माणूस अपिलात जातो आणि भरणा केला म्हणून त्याचा हक्क जात नाही. इथेही वाद होता तो एटीएफने पदार्थाचे वर्गीकरण योग्य कारणांनी केले की नाही, याचा. अर्जदाराला काय वाटते, याने इंधनाच्या जळण्याचा वेग बदलत नाही. उलट, परवाना, पेटी, नोंदवही आणि निरीक्षकाची भेट यांचा जाच प्रत्यक्ष सोसणारे सभासद असणे, हेच संघटनांच्या तक्रारीला वजन देणारे होते.

आणखी एक बाजू अशी की, निकाल लागायला किती वर्षे लागतील हे २००३ मध्ये कोणालाच सांगता येत नव्हते. त्या काळात मैदाने चालू ठेवायची तर माल घेणारे परवानाधारक हवेत. ते नसतील तर विक्रेते दुकान बंद करतील. आणि मोटरी बनवणारे कारखाने असे आहेत की एकदा बंद पडले की निकालपत्र वाचून पुन्हा उभे राहत नाहीत. न्यायालयात जिंकून मैदानावर हरण्याची ही शक्यता खरी होती. म्हणून ज्यांनी परवाना काढला आणि त्याच आठवड्यात खटल्याच्या निधीला वर्गणीही दिली, त्यांचा निर्णय मला सर्वात शहाणपणाचा वाटतो. क्लबमधल्या कडव्या लोकांना तो दुटप्पी वाटला.

संसदेतूनही एक प्रयत्न झाला. वायोमिंगचे सिनेटर माइक एन्झी यांनी २००३ मध्ये रॉकेट-मोटरींना सूट देणारे विधेयक मांडले. विरोध झाला आणि त्याचा कायदा झाला नाही.

भडका म्हणजे किती वेग?

वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायमूर्ती रेगी वॉल्टन यांच्यापुढे चाललेल्या खटल्याचा पहिला मोठा निकाल २००४ मध्ये आला आणि तो अर्धा-अर्धा होता. 'प्रोपेलंटवर चालणारे उपकरण' या सुटीचा अर्थ एटीएफने जनतेच्या हरकती न मागवता बदलला, हे चूक ठरले. पण एपीसीपी स्फोटक आहे हे वर्गीकरण टिकले. संघटना अपिलात गेल्या.

१० फेब्रुवारी २००६ रोजी डी.सी. सर्किटच्या अपील न्यायालयाने दिलेला निकाल, ज्याला नियम म्हणजे काय हे समजून घ्यायचे आहे त्याने वाचावा असा आहे. सारे प्रकरण एका क्रियापदावर येऊन थांबले होते. इंग्रजीत त्याला 'डिफ्लॅग्रेट' म्हणतात. मराठीत 'भडकणे' हा शब्द त्याच्या सर्वात जवळ जातो. जळणे, भडकणे आणि स्फोट होणे या वेगाच्या तीन पायऱ्या. एटीएफचे म्हणणे असे की, एपीसीपी नुसते जळत नाही, भडकते, आणि भडकणे हे साध्या जळण्यापेक्षा पुष्कळ वेगवान असते. न्यायालयाने विचारले ते थोडक्यात इतकेच: पुष्कळ म्हणजे किती? जळणे संपून भडका कुठे सुरू होतो, हे एटीएफने कुठे सांगितले आहे, आणि एपीसीपीचा मोजलेला वेग त्या रेषेच्या पलीकडे आहे, हे कशावरून? नोंदीत याचे उत्तर नव्हते. तज्ज्ञ संस्थेच्या मताला न्यायालय एरवी मान देते, पण तिच्या स्पष्टीकरणात सुसंगतीच नसेल तर मान द्यायला तिथे तज्ज्ञता दिसत नाही, अशा आशयाचे खडे शब्द न्यायालयाने वापरले. एपीसीपी स्फोटक नाही, असे मात्र ते म्हणाले नाही. प्रकरण नीट कारणे देण्यासाठी परत पाठवले.

इथे आपल्याकडच्या कायद्याशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. भारताच्या १८८४ च्या स्फोटक अधिनियमात व्याख्येतच स्फोटाबरोबर आतषबाजीच्या परिणामाचाही समावेश आहे आणि पुढे ज्या वस्तूंची नावे घेतली आहेत त्यांत फटाके, वाती यांच्या रांगेत 'रॉकेट' हा शब्दही आहे. स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या आपल्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. तिथे जाऊन कोणी 'हे भडकत नाही, नुसते जळते' असा वाद घालू लागला, तर त्याला व्याख्येवर बोट ठेवून परत पाठवता येईल. अमेरिकन कायद्याने नाव न घेता गुणधर्म सांगितला, म्हणून गुणधर्म मोजण्याची मागणी करता आली.

एटीएफने ऑक्टोबर २००६ मध्ये नवी कारणे देऊन आधीचेच वर्गीकरण कायम केले. मधल्या काळात तीन वर्षांचे परवाने संपत आले होते आणि नूतनीकरणाचे ५० डॉलर भरावेत की नाही, हा जुना वाद नव्या रकमेवर पुन्हा झाला. आधी परवाना काढायला विरोध करणाऱ्यांपेक्षा या वेळी नूतनीकरणाला कंटाळलेले लोक जास्त होते, आणि छंदाच्या दृष्टीने ते अधिक धोक्याचे होते. रागावलेला सभासद वर्गणी भरतो, कंटाळलेला मासेमारीला जातो.

१६ मार्च २००९ रोजी न्यायमूर्ती वॉल्टन यांनी संघटनांच्या बाजूने निकाल दिला आणि एपीसीपीचे स्फोटक म्हणून केलेले वर्गीकरण रद्दबातल ठरवले. पुढच्या याद्यांत 'अमोनियम परक्लोरेटची स्फोटक मिश्रणे' ही नोंद राहिली, पण तिच्यापुढे 'एपीसीपी वगळून' असे शब्द आले. १५ मायक्रॉनहून बारीक दळलेले सुटे परक्लोरेटही यादीतच राहिले, आणि हेंडरसनची आठवण असलेला कोणी त्याला हरकत घेणार नाही. साडेबासष्टचा उंबरठा या इंधनापुरता संपला.

पेटीचे काय करायचे

निकालानंतर परवानाधारकांपुढे उलटा प्रश्न आला: आता परवाना ठेवावा की सोडावा? मोटरींसाठी त्याची गरज नव्हती. पण पॅराशूट बाहेर ढकलणारी बंदुकीची दारू यादीत होती तशीच होती. संघराज्याच्या कायद्यात ५० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २२.७ किलो, कारखान्यात बनलेली दारू परवान्याशिवाय घेण्याची सूट आहे, पण ती पुरातन बंदुका आणि तशाच जुन्या उपकरणांत क्रीडा, मनोरंजन किंवा सांस्कृतिक कामासाठी वापरणाऱ्यांना. ठासणीच्या बंदुकीचा हौशी माणूस पिंपभर दारू घरी आणू शकतो. रॉकेटवाल्याने दोन ग्रॅम सुटी दारू मागितली, तर त्याचा वापर त्या सुटीत बसत नाही. म्हणून मोठी, दोन पॅराशूटांची रॉकेटे उडवणाऱ्या काहींनी परवाना चालू ठेवला, काहींनी दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडची नळी वापरून दारूच टाळली.

डेन्व्हरच्या आपल्या अभियंत्याने काय केले असते, हे त्याच्या गॅरेजमधल्या पेटीवर अवलंबून आहे. पेटी बसवून झाली असेल, सवलतीचा कागद फाइलला असेल, तर आठवड्याला ती उघडून नोंदवहीत मोटरींऐवजी दारूच्या डब्याचे वजन लिहिणे फार जड नाही. पेटी नसेल, तर तो सोडून देईल. एच-१बी व्हिसावरचा त्याचा सहकारी एप्रिल २००९ मध्ये त्याच्याबरोबर मैदानावर आला असता, तर 'एम' मोटरीचे करडे ग्रेन त्याला स्वतःच्या हाताने नळीत सरकवता आले असते. पॅराशूट बाहेर ढकलणारी सुटी दारू मात्र अजूनही अभियंत्यालाच मोजून ओतावी लागली असती.